वाऱ्याला विचारून: ओपिओंगो तलावावरचे दिवस

सोमवार: मिसिसागा ते महामार्ग ६०

माझा दादा देवगडचा. कॅनडाला यायचं त्याने वर्षानुवर्षं टाळलं आणि शेवटी आला तो दोन अटींवर. गणपतीच्या आधी घरी पोचवायचं, आणि मॉल दाखवत फिरवायचं नाही. त्यातून २०२३चं ते वर्ष, अधिक मासामुळे श्रावण दोन महिन्यांचा. दादाने अधिकही पाळलेला, म्हणजे जुलैच्या मध्यापासून माशाचा तुकडा तोंडात नाही. अशा माणसाला मासे पकडायला तलावावर न्यायची कल्पना माझ्या नवऱ्याची. मंदारने पाच महिने आधी, बुकिंग उघडलं त्याच सकाळी परवाना काढून ठेवला होता. तेव्हा घरात पंचांग कोणी उघडलं होतं!

अल्गॉनक्विन प्रांतीय उद्यान आमच्या घरापासून गाडीने साडेतीन-चार तासांवर. १८९३ साली स्थापन झालेलं, ओंटारिओतलं सगळ्यात जुनं प्रांतीय उद्यान. क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा आत ठेवला तरी जागा उरेल. महामार्ग ६० त्याच्या दक्षिण भागातून ५६ किलोमीटर जातो. बहुतेक पर्यटक हा रस्ता, त्याच्या आजूबाजूच्या पायवाटा आणि दोन-चार तलाव बघून परततात. खरं उद्यान रस्त्याच्या उत्तरेला पसरलंय, आणि तिथे जायचं तर होडीने किंवा पायी.

या रस्त्यावरच्या प्रत्येक ठिकाणाचा पत्ता पश्चिम दरवाजापासूनच्या किलोमीटरमध्ये सांगतात. चौदाव्या किलोमीटरला कनू लेक. चित्रकार टॉम थॉमसन १९१७ सालच्या जुलैमध्ये इथे एकटाच होडी घेऊन निघाला. होडी सापडली, तो आठ दिवसांनी पाण्यावर आला. त्याने रंगवलेली इथली झाडं आणि आभाळ आज कॅनडातल्या शाळकरी मुलांनाही ओळखू येतात. तो कसा बुडाला यावर अजून वाद घालतात. ओवीने, माझ्या तेरा वर्षांच्या लेकीने, ही गोष्ट मामाला रंगवून सांगितली. खुनाचा संशय वगैरे सगळं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "वल्हवूक येय होता मा त्याका?" चांगलं येत होतं, ओवी म्हणाली. दादा गप्प झाला. संध्याकाळी तंबू लावताना मात्र त्याने चारही लाइफ जॅकेटांचे पट्टे ओढून ओढून तपासले.

रात्र रस्त्यालगतच्या लेक ऑफ टू रिव्हर्सच्या कॅम्पग्राउंडवर काढली. गाडी तंबूशेजारी, नळ, गरम पाण्याच्या आंघोळी. पहिल्यांदा येणाऱ्याने एक रात्र अशी काढावी, म्हणजे काय विसरलंय ते गाडी जवळ असतानाच कळतं. आमचं कैरीचं लोणचं इथेच मागे राहिलं. आतल्या भागात डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे आणि लोणचं होतं बरणीत. मालवणी मसाला, सोलं, तिरफळं आणि गूळ पिशव्यांमध्ये भरून दादाने देवगडहूनच आणलेलं, ते नियमात बसलं.

मंगळवार: स्प्रूल बे ते दक्षिण बाहू

शेहेचाळिसाव्या किलोमीटरनंतर डावीकडे ओपिओंगोचा फाटा. रस्ता कॉस्टेलो नावाच्या ओढ्याच्या कडेने जातो. दोन्ही बाजूंना दलदल, सकाळचं धुकं, आणि त्यात गुडघाभर पाण्यात उभी एक मूस, म्हणजे भल्यामोठ्या हरणाची मादी. तोंडातून कमळाचे देठ लोंबतायत, अंगावरून पाणी गळतंय. मागे गाड्यांची रांग लागली तरी कोणी हॉर्न वाजवला नाही. दादा म्हणाला, एवढं जनावर आणि चालताना आवाज नाही.

ओपिओंगो हा उद्यानातला सर्वांत मोठा तलाव, सुमारे ५८ चौरस किलोमीटर. दक्षिण, पूर्व आणि उत्तर असे तीन मोठे बाहू आणि त्यांना जोडणाऱ्या निमुळत्या जागा. स्प्रूल बेच्या धक्क्यावर दुकान आहे, तिथे होड्या, वल्ही, अन्नाची निळी पिंपं, सगळं भाड्याने मिळतं. लांबच्या बाहूंत जायचं असेल तर मोटारबोटीची टॅक्सीही आहे, होडी वर बांधून नेतात. आम्ही वल्हवतच जायचं ठरवलं होतं. दोन होड्या घेतल्या, हलक्या केव्हलरच्या.

दादा होडीभोवती फिरून आला, एका हाताने उचलून बघितली. "ह्येका उलांडी नाय?" कोकणातल्या छोट्या होडीला कलंडू नये म्हणून बाजूला आडवं लाकूड बांधलेलं असतं, ते इथे नाही. इथे तोल सांभाळायचा तो गुडघे टेकून, वजन खाली ठेवून. दुकानातल्या पोराने दादाला मागे बसून वल्हं कसं मारायचं ते दाखवलं: वल्हं मागे ओढायचं आणि शेवटी पातं बाहेरच्या अंगाला वळवायचं, म्हणजे एकाच बाजूने वल्हवूनही नाक सरळ राहतं. दादाने दोन खेपा बघितलं, तिसऱ्या खेपेला तो आणि ओवी खाडीच्या मध्यावर होते. मंदार आणि मी तेव्हा धक्क्याशीच गोल फिरत होतो.

मंदारकडे एक्सेलचा कागद होता. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, किती वाजता निघायचं, किती वाजता जेवण. प्लॅस्टिकमध्ये घालून त्याने तो पिशवीला अडकवला होता. त्यात लिहिल्याप्रमाणे आम्ही साडेनऊला निघालो. स्प्रूल बेमध्ये पाणी गुळगुळीत होतं. खाडीचं तोंड ओलांडून दक्षिण बाहूच्या उघड्या पाण्यावर आलो आणि पश्चिमेचा वारा लागला. आधी नुसती शिरशिरी, मग पांढरे शेंडे. समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. तलावाची लाट तोकडी, एक उतरायच्या आत दुसरी येऊन आपटते. दादाने मागून ओरडून सांगितलं, लाटेला अंग देऊ नका, नाक द्या, आणि किनारा धरा. आम्ही किनारा धरला. त्यामुळे अंतर जवळजवळ दुप्पट झालं आणि कागदावरची जेवणाची वेळ कधीच मागे गेली.

अर्ध्या वाटेवर एका मोकळ्या खडकावर एक जोडपं चहा पीत बसलं होतं. पीटरबरोचे, दोघंही सत्तरी पार केलेले. दर उन्हाळ्यात याच तलावावर येतात. त्यांनी हात करून आम्हाला बोलावलं, बिस्किटं दिली आणि ओपिओंगोचा नियम सांगितला: सहाच्या आधी पाण्यात, दहाच्या आत किनाऱ्याला, नाहीतर मग संध्याकाळी वारा पडल्यावर. मधल्या वेळात झोपा काढा. मी दादाला मराठीत सांगायला लागले तर त्याला ते आधीच कळलं होतं. आमच्याकडे पहाटेच्या मतलईवर, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या वाऱ्यावर, होड्या बाहेर पडतात आणि समुद्रावरचा खारा वारा धरून परत येतात, ते मी त्या दोघांना इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी दादाशी हस्तांदोलन केलं. यापुढचा त्या दोघांचा संवाद हातवाऱ्यांनी चालला आणि मध्ये कोणाची गरज पडली नाही.

जाणाऱ्यांसाठी: परवाना तलावाचा मिळतो, ठरावीक जागेचा नाही. झाडावर तंबूचं चित्र असलेली नारिंगी पाटी दिसली आणि जागा रिकामी असली की ती तुमची. म्हणूनही लवकर निघावं, दुपारी चांगल्या जागा भरलेल्या असतात. एका जागेवर जास्तीत जास्त नऊ माणसं. शौचाला जंगलात एक झाकणाची लाकडी पेटी, तिला इथे थंडरबॉक्स म्हणतात. भिंती नाहीत, दार नाही, दृश्य उत्तम. पाणी तलावाचंच, पण गाळून किंवा उकळून.

आम्हाला जागा मिळाली ती पूर्वेकडच्या एका टोकावर. पाण्यात उतरत गेलेला सपाट खडक, मागे पांढरे पाइन. हे पाइन सरळ आणि उंच वाढतात म्हणून एकोणिसाव्या शतकात ब्रिटनला लाकूड पाठवण्यासाठी या भागातले मोठमोठे वृक्ष तोडून नद्यांतून वाहवत नेले. उद्यानाच्या बऱ्याच मोठ्या भागात नियमांच्या चौकटीत लाकूडतोड आजही चालते. मला हे आधी माहीत नव्हतं आणि कळल्यावर थोडं खटकलं. तंबू ठोकताना हात राळेने चिकट झाले, तो वास दोन दिवस गेला नाही.

संध्याकाळी वारा पडला. दादाकडे परदेशी पाहुण्यांसाठीचा आठ दिवसांचा मासेमारी परवाना होता. ओवीला अठरा पूर्ण नसल्याने वेगळा काढावा लागत नाही. आम्ही दोघांनी आमचे काढले होते. दादाला आमिषाला छोटे मासे हवे होते. उद्यानात जिवंत मासा आमिष म्हणून वापरायला, नुसता जवळ बाळगायलाही बंदी आहे, कारण बादलीतून एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात जातो आणि तिथलं सगळं बिघडवतो. मग गांडुळं. खडकाच्या कडेला जिथे पाणी एकदम काळं होतं तिथे दादाने गळ टाकला, आणि बसला नाही तोच दोरी ताणली.

"गावलो!"

स्मॉलमाउथ बास. तांबूस हिरवा, अंगावर उभे पट्टे, आणि त्याच्या आकाराच्या मानाने भलताच भांडखोर. दोनदा पाण्याबाहेर उडी मारली. हा इथला मूळचा मासा नव्हे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माणसांनी आणून सोडलेला. मूळचा तो खोल पाण्यातला लेक ट्राउट. दादाने हात ओला करून बासला धरलं, गळ काढला, आणि पाण्यात ठेवून तो सावध होईपर्यंत हलकेच धरून ठेवला. "जा बाबा. पुनव होऊंदे, मगे बगू." आमच्या घरी रीत अशी की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की दुसऱ्या दिवसापासून मासे सुरू. पौर्णिमा उद्या होती. अंधार पडेपर्यंत त्याने असे कितीतरी पकडले आणि सोडले. आम्ही खिचडी खाल्ली.

रात्री माकडटोपी घालून दादा शेकोटीशी बसला होता. ऑगस्टच्या शेवटी इथे रात्री पारा दहाच्या खाली जातो, स्वेटरशिवाय येऊ नये. तेवढ्यात पाण्यावरून एक लांब, चढत गेलेला आवाज आला. दादाने मान वळवली. "कोण रडता गो?" तो लून. एक डॉलरच्या नाण्यावरचा पक्षी, म्हणून त्या नाण्याला लूनी म्हणतात. ओवीने समजावलं की ते रडणं म्हणजे 'तू कुठे आहेस' असं विचारणं, आणि घाबरला की हसल्यासारखा वेगळाच आवाज काढतो. काही वेळाने उत्तर बाजूने दुसऱ्याने ओ दिली. दादा बराच वेळ झोपायला उठला नाही.

बुधवार: पौर्णिमा आणि वारा

कागदाप्रमाणे आज उत्तर बाहूत जायचं होतं. पहाटे पाचला तंबूचं कापड फडफडायला लागलं, सहाला पाइनांतून एकसारखा घोंगावता आवाज, आणि उजाडलं तेव्हा तलाव पांढरा. वायव्येचा वारा. मंदार कॉफीचा कप घेऊन खडकावर उभा राहिला, कधी पाण्याकडे बघे, कधी कागदाकडे. दादा शेजारी जाऊन उभा राहिला.

"मंदारराव, ह्या कागदार वाऱ्याचा नाव खंय आसा?"

कागद घडी घालून पिशवीत गेला आणि परत निघाला तो पेटवण म्हणून.

अडकून पडलेला दिवस हा माझ्या मते या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस. सकाळी आंघोळ तलावात, म्हणजे एक बुडी आणि किंकाळी. साबण पाण्यात चालत नाही, 'निसर्गात विरघळणारा' असं लिहिलेलाही नाही. भांडीसुद्धा किनाऱ्यापासून लांब, आत जमिनीवर धुवायची. मग खडकावर पाट म्हणून होडीतली गादी मांडून दादाला ओवाळलं. निरांजन वाऱ्यात राहीना, शेवटी मंदार आणि ओवी दोन बाजूंनी जॅकेट धरून उभे राहिले. सोळा वर्षं पोस्टाने गेलेली राखी या वेळी हाताने बांधली. ओवाळणीत दादाने मला दिली ती त्याची गरी, म्हणजे हाताने टाकायचा गळ, गुंडाळलेल्या दोरासकट. आमच्या बाबांची होती. त्यावर मी काही बोलू शकले नाही, आणि तोही लगेच चुलीच्या लाकडांकडे वळला.

आता नारळ. मिसिसागातल्या दुकानातून दोन आणले होते. दादाच्या मनात तलावाला नारळ द्यायचा होता. ओवी आडवी आली. इथे काही म्हणजे काहीही मागे टाकायचं नाही, संत्र्याची सालसुद्धा परत न्यायची, मामा. दादाने वाद घातला नाही. नारळ घेऊन पाण्यात घोट्यापर्यंत उतरला, हळदकुंकू लावलं, नारळ पाण्याला टेकवला, हात जोडले आणि तोच नारळ वर आणून खडकावर फोडला. "ह्यो दर्यो नाय. पण पाण्याक पाणीच म्हणूक व्हया." आतलं पाणी ओवीने प्यायलं.

खोवणी मी हट्टाने आणली होती, मंदारने वजनाची तक्रार केलेली असूनही. एका बर्नरच्या स्टोव्हवर, दगडांचा आडोसा करून, तूप, लवंगा, तांदूळ, मग गूळ आणि खोबरं. वाऱ्यात आच टिकत नव्हती, भात शिजायला नेहमीच्या तिप्पट वेळ लागला. वेलचीचा वास पसरला तशी एक चिपमंक, इथली छोटी खार, सरळ माझ्या बुटावर येऊन बसली. दुपारी पीटरबरोचं जोडपं जंगलातून, किनाऱ्याने वाट काढत आमच्याकडे आलं. त्यांचा मुक्काम पलीकडच्याच वळणावर होता. आजींनी नारळीभात दोनदा घेतला आणि गूळ कुठे मिळतो ते वहीत लिहून घेतलं. आजोबांनी दादाला एक चांदीसारखा चमचा दिला, म्हणजे चमच्याच्या आकाराचं चकचकीत पत्र्याचं आमिष. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि लेक ट्राउट खाली थंड थरात जाऊन राहतो, वीस मीटरच्या आसपास. तिथे हे हळूहळू ओढत न्यायचं. खोली दाखवायला त्यांनी दोन्ही हात ताणून कितीतरी वेळा मोजून दाखवले. दादाने वाव मोजायची तीच रीत लगेच ओळखली.

अस्वलांबद्दल दोन शब्द. इथे काळी अस्वलं आहेत आणि साधारणपणे ती माणसापासून दूर राहतात. १९९१ मध्ये मात्र याच तलावातल्या बेट्स बेटावर एका अस्वलाने दोघांना मारलं होतं. असं फार विरळा घडतं, पण घडलेलं आहे, आणि ते बेट याच बाहूत आहे. ओवीला आम्ही हे परत आल्यावर सांगितलं. काळजी साधी आहे: अन्न, टूथपेस्ट, उटणं, वास येणारं सगळं पिंपात घालायचं आणि पिंप तंबूपासून लांब, झाडाच्या खोडापासून दूर, माणसाच्या उंचीच्या दुपटीहून वर टांगायचं. तंबूत चॉकलेटचा कागदही नको. फांदीवरून दोर टाकायचं काम दादाकडे होतं, तो पहिल्याच फेकीत टाकायचा.

सूर्य मावळताना वारा दमला. आठच्या सुमारास समोरच्या काळ्या झाडांमागून चंद्र वर आला, मोठा आणि केशरी. त्या उजेडात मंदार आणि ओवी होडी घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून आले. दादा गेला नाही. उद्या पहाटे उठायचंय म्हणाला, आणि खरंच नऊला झोपला.

गुरुवार: उत्तर बाहू

साडेपाचला आम्ही पाण्यात होतो. धुकं इतकं की पुढची होडी दिसत नव्हती, फक्त वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज. निमुळत्या जागेतून पुढे सरकलो तेव्हा धुकं वर उठायला लागलं आणि उत्तर बाहू उघडला. आरसा म्हणतात तसा सपाट. एका मॅपलची एकच फांदी लाल झाली होती. सप्टेंबरच्या शेवटी हा सगळा डोंगर तसा होतो आणि तेव्हा रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

पश्चिमेकडच्या किनाऱ्यावर झाडाला पिवळी पाटी दिसली. इथून हॅपी आइल तलावाची वाट सुरू होते. एका तलावातून दुसऱ्यात जायला होडी खांद्यावर घेऊन चालायचं, त्याला पोर्टेज म्हणतात. हे सव्वादोन किलोमीटरच्या जवळपासचं आहे. युरोपीय लोक यायच्या किती तरी आधी अल्गॉनक्विन लोक बर्च झाडाच्या सालीच्या होड्या घेऊन अशाच वाटांनी ये-जा करत. आम्ही होड्या किनाऱ्यावर पालथ्या घातल्या आणि पिशवीत जेवण घेऊन नुसतंच चालायला लागलो. दादा मात्र दहा पावलांवरून मागे वळला. त्याला बघायचंच होतं. होडीच्या मधल्या आडव्या पट्टीला खांद्यासाठी खाच असते. मंदारने हात दिला, दादाने होडी उलटी डोक्यावर घेतली आणि झाडांत शिरला. मुळं, चिखल, चढ. मागून बघितलं तर दोन पाय असलेली होडी चाललेली. वाटेत समोरून तरुण मुलामुलींचा गट आला, त्यांच्या होड्या त्यांच्या डोक्यावर. एकमेकांना जागा देताना होड्यांची नाकं अडकली आणि जंगलात मराठी-इंग्रजी दोन्हींतून माफी मागून झाली. पहिल्या मोठ्या चढावर दादाने होडी झाडाला टेकवली. "बरो आसा रस्तो," म्हणाला, आणि तिथूनच परत नेऊन ठेवली.

हॅपी आइलवर पोहलो, पोळी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, झोपलो. ओपिओंगोवर परत आलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे लाटा होत्या. यावेळी कोणी घड्याळ बघितलं नाही. मंदार चक्क घोरत होता. साडेपाचला पाण्याचा रंग बदलला, कडांना गुळगुळीत पट्टे दिसायला लागले, आणि आम्ही निघालो.

निमुळत्या जागेच्या अलीकडे, खोल पाण्यावर, दादाने ओवीला हळू वल्हवायला सांगितलं. आज त्याने गळाची काठी घेतलीच नाही. काल मला दिलेली बाबांची गरी उसनी मागून घेतली, तिला आजोबांचा चमचा आणि वजन बांधलं, आणि वाव मोजत दोर सोडला. तर्जनीवर दोर, डोळे मिटलेले. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला तरी काही नाही. मग एकदम त्याचं मनगट वर गेलं. बाससारखी उड्या मारण्याची भाषा नव्हती. खाली कोणीतरी नुसतं जड होऊन बसलं होतं आणि सावकाश मान हलवत होतं. दोर हातावर हात घेत वर आला. करड्या अंगावर फिकट ठिपके, पंखांना पांढरी किनार, दीड हात लांब. लेक ट्राउट. दादाने त्याच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. पौर्णिमा काल झाली होती.

चूल तंबूपासून लांब, पाण्याजवळच्या खडकावर. तुकड्यांना हळद, मीठ, मालवणी मसाला, सोलांचं आगळ, वरून रवा. तेलात तुकडा पडला तसा जो वास आला त्याने मी गप्प झाले. डोकं आणि काट्याचा भाग दादाने बाजूला ठेवला होता, त्याचं लसूण, लाल मिरची आणि तिरफळं घालून तिखलं. मांस नारिंगी, तेलकट, सुरमईपेक्षा मऊ. पहिला घास घेऊन दादा बराच वेळ चघळत राहिला. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघतोय. शेवटी म्हणाला, समुद्राचं मीठ नाही त्याच्यात, पण मासा प्रामाणिक आहे. ओवी, जी घरी मासा बघून नाक मुरडते, तिने तीन तुकडे खाल्ले. काटे आणि उरलंसुरलं खूप आत नेऊन खोल पुरलं, आणि वास जाईपर्यंत तवा राखेने घासला.

शुक्रवार: धक्क्यावर

सहाला निघून आठला स्प्रूल बेमध्ये शिरलो. पाणी हललंसुद्धा नाही. पीटरबरोचं जोडपं आमच्याही आधी निघून गेलेलं, त्यांच्या जागेवर फक्त विझवलेल्या शेकोटीची ओली राख.

धक्क्यावर वही घेऊन एक मुलगी थांबली होती, विद्यापीठात शिकणारी. या तलावावर हार्कनेस नावाची मत्स्यसंशोधन प्रयोगशाळा आहे, १९३६ पासूनची, आणि परतणाऱ्या मासेमारांना तेव्हापासून विचारत आलेत: किती तास गळ टाकला, काय मिळालं, किती ठेवले, किती सोडले. म्हणून या तलावातल्या माशांचं जेवढं माहीत आहे तेवढं फार थोड्या तलावांचं माहीत असेल. कोणी असं विचारलं तर पाच मिनिटं द्यावीत, आणि तास साधारण तरी लक्षात ठेवावेत.

मी दुभाषी. बास किती? दादाने आकडा सांगितला. ठेवले किती? एकही नाही. तिने वर बघितलं. मी श्रावण समजावायला लागले, मग अधिक श्रावण, मग पौर्णिमा, आणि तिने अत्यंत सौजन्याने मान डोलवत 'सोडले' याच्यापुढे आकडा लिहिला. लेक ट्राउट? एक. ठेवला? ठेवला. तिचे डोळे चमकले. माशाच्या डोक्यात कानाजवळ छोटासा खडा असतो, त्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, ती मोजून वय कळतं. डोकं आणलंय का तुम्ही?

दादाला हे मराठीत सांगायच्या आधीच त्याला 'हेड' कळलं होतं. ढोम्याच्या डोक्यातला खडा त्याने लहानपणापासून पाहिलेला.

"सांग तिका," तो म्हणाला, "टकल्याचा आमी तिखला केला."

मी सांगितलं, जमेल तसं. तिने तिखलं म्हणजे काय ते विचारलं, आणि मग मागे होडी गाडीवर बांधत असलेल्या मंदारला थांबावं लागलं, कारण दादाने पिशवीतून उरलेली तिरफळं काढली होती.